बोटांची अक्षरओळख

आमच्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोर कडुनिंबाचे झाड होते. त्याखाली अर्ज लिहून देणाऱ्यांची तीन टेबले मांडलेली असत. त्यातले मधले टेबल माझ्या वडिलांचे. सातबाऱ्यावरची नोंद, रेशनकार्डातले नाव, वाटणीचा तंटा, विहिरीची परवानगी अशा नाना कामांसाठी माणसे येत, उकिडवी बसून आपली हकीकत सांगत आणि अप्पा ती ऐकता ऐकताच कागदावर उतरवत. मधे दोन कार्बन घातलेले तीन कागद, त्यावर दणादण पडणाऱ्या कळा आणि ओळ संपली की वाजणारी घंटी. हे सगळे ते दोनच बोटांनी करीत. दोन्ही हातांच्या तर्जन्या सोडल्या तर बाकीची आठ बोटे मुठीत मिटलेली असत.

संध्याकाळी मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी येई आणि खोळ घालून उंच फळीवर जाई. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. "ती भाकरी आहे, खेळणं नव्हे," असे अप्पा म्हणत. त्यांचे चूक नव्हते. एक टाइप वाकला तर दुरुस्तीला जिल्ह्याच्या गावी जावे लागे आणि तेवढे दिवस झाडाखालचे टेबल बंद राही. पण परिणाम असा झाला, की ज्या घरात रोज टाइपरायटर येत होता, त्या घरातले एकही मूल त्यावर घरी शिकले नाही. १९८६ साली दहावी झाल्यावर मला टायपिंगच्या क्लासला घातले, तेही नोकरीसाठी.

हे सारे आज आठवण्याचे कारण माझी पुतणी. गेल्या वर्षी ती पाचवीत होती. शाळेने 'आमच्या घरातील जुनी वस्तू' या विषयावर निबंध टाइप करून मागितला. तिने विषय निवडला आजोबांचे मशीन. तोंडी तिने फार सुरेख सांगितले. मग फोन घेऊन रोमन अक्षरांतून मराठी उमटवायला बसली. तिला 'कळ' हा शब्द हवा होता. फोनने आधी 'काल' दिला, मग 'कल' दिला. दोनदा प्रयत्न करून ती कंटाळली आणि तिने 'बटण' लिहिले. पुढे 'घंटी'ची 'बेल' झाली. निबंध संपला तेव्हा तोंडी सांगितलेल्यातले निम्मे शब्द गळून गेले होते. मी तिला म्हटले, "अगं, तू तर कळ म्हणाली होतीस." त्यावर ती म्हणाली, "काका, ते येतच नाही ना."

त्या वाक्याने मला कामाला लावले. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून रद्दीच्या दुकानांतून टायपिंगची जुनी पुस्तके जमवण्याचा छंद मला बरीच वर्षे आहे. न पाहता दहा बोटांनी लिहिण्याची कला आली कुठून, ती आपल्याकडे घरात का शिरली नाही आणि आज मराठी मुलाला ती घरी शिकवता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या ढिगाऱ्यात आणि त्याबाहेर शोधायला मी लागलो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब.

आंधळे यंत्र आणि आठ बोटे

क्रिस्तोफर लॅथम शोल्स याने मिलवॉकी शहरात टाइपरायटर घडवला. १८६८ साली त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना पेटंट मिळाले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातून यंत्र बाजारात आले. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात शिफ्टची कळ आली आणि एकाच कळीवर लहान-मोठी दोन्ही अक्षरे बसली.

या सुरुवातीच्या यंत्रांचे एक वैशिष्ट्य आज कुणाच्या ध्यानात नसते. टाइप रुळाच्या खालच्या बाजूने वर येऊन आपटत. त्यामुळे आपण काय लिहिले ते लिहिणाऱ्याला दिसतच नसे. पाहायचे तर रुळाचा गाडा उचलावा लागे. समोर लिहिलेले दिसते अशी यंत्रे रूढ झाली ती १८९० च्या दशकात अंडरवुड बाजारात आल्यानंतर. म्हणजे न पाहता लिहिण्याची पद्धत जन्मली, तेव्हा यंत्रच आंधळे होते. कागदाकडे बघण्यात काही अर्थ नव्हता. प्रश्न होता तो कळांकडे बघण्याचा.

यंत्र बनवणाऱ्यांनी कोणत्या बोटाने कोणती कळ दाबावी हे ठरवून दिले नव्हते. जो तो आपापल्या सोयीने लिही. ती शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका बाईंचा आहे. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात लघुलेखन व टंकलेखन शिकवणाऱ्या एलिझाबेथ लाँगली यांनी १८८२ साली धड्यांचे एक पुस्तक काढले आणि त्यात दोन्ही हातांची सर्व बोटे वापरण्याचा आग्रह धरला. या व्यवसायातल्या जाणत्यांना तो पटला नाही. पाच वर्षांनी लघुलेखकांच्या एका नियतकालिकात त्यांच्यावर टीका झाली. प्रत्येक हाताची दोन बोटे पुरेशी आहेत, असा टीकाकारांचा सूर होता. आमच्या अप्पांनी तो वाद ऐकला असता, तर त्यांनी टीकाकारांच्या बाजूने मान डोलावली असती.

वाद निकालात निघाला तो २५ जुलै १८८८ रोजी, त्याच सिनसिनाटीत. एका बाजूला होता सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयात लघुलेखक असलेला फ्रँक मॅगरिन. त्याने रेमिंग्टनचा कळफलक पाठ केला होता आणि तो सर्व बोटांनी, कळांकडे न पाहता लिही. दुसऱ्या बाजूला होता लुई ट्रॉब. त्याचे यंत्र कॅलिग्राफ. त्यावर लहान आणि मोठ्या अक्षरांसाठी वेगळ्या कळा होत्या, एकूण बहात्तर. ट्रॉब चार बोटांनी लिही आणि कळा बघून लिही. पैज पाचशे डॉलरची होती. पंचेचाळीस मिनिटे सांगितलेला मजकूर लिहायचा आणि पंचेचाळीस मिनिटे समोरच्या कागदावरचा मजकूर उतरवायचा. दोन्ही फेऱ्या मॅगरिनने जिंकल्या. उतरवून काढण्याच्या फेरीत तर त्याची सोय उघडच होती. ट्रॉबची नजर मजकुरावरून कळांवर आणि कळांवरून मजकुरावर हेलपाटे घालत होती, मॅगरिनची नजर मजकुरावरून हलत नव्हती.

वर्तमानपत्रांनी हा निकाल गाजवला. पुढच्याच वर्षी बेट्स टॉरी याचे टंकलेखनावरचे पुस्तक आले आणि 'स्पर्शाने लिहिणे' हा शब्दप्रयोग रुळू लागला. नाव मॅगरिनचे झाले. सहा वर्षे आधी तेच सांगणाऱ्या लाँगलीबाई मागे पडल्या.

मुलांच्या हातात मशीन

स्पर्धेतून जन्मलेली ही कला काही दशके स्पर्धेतच वाढली. टाइपरायटरच्या कंपन्या वेगवान लिहिणाऱ्यांना पदरी ठेवून प्रदर्शने भरवत. १९२३ साली अल्बर्ट टँगोरा याने तासभर सलग लिहून मिनिटाला १४७ शब्दांचा वेग गाठला. दुसरीकडे हे कौशल्य कचेऱ्यांच्या कामाला जुंपले गेले आणि लाखो तरुण मुली टंकलेखिका म्हणून घराबाहेर पडल्या. त्या इतिहासावर खूप लिहिले गेले आहे. मला त्यातला एक लहानसा, फारसा न सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे मुलांचा.

१९२९ ते १९३१ या काळात अमेरिकेत बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन या दोन शिक्षणतज्ज्ञांनी प्राथमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला. हजारो मुलांच्या वर्गात हलके, उचलून नेता येणारे टाइपरायटर ठेवले आणि तशा यंत्रांवाचून शिकणाऱ्या वर्गांशी त्यांची तुलना केली. १९३२ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यंत्र मिळालेली मुले अधिक लिहीत होती आणि आनंदाने लिहीत होती, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. प्रयोगाला पैसा टाइपरायटर बनवणाऱ्या कंपन्यांचा होता, हे विसरून तो वाचता येणार नाही. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. त्यांनी मुलांचा मिनिटाला वेग किती हे मुख्य मानले नाही. मूल यंत्रावर काय लिहिते आणि किती लिहिते, हे पाहिले.

त्याच दशकात कोरोना या नावाने खास मुलांसाठी एक टाइपरायटर निघाला. त्याच्या रंगीत कळांवर प्राण्यांची चित्रे होती. सोबत लहान अंगठ्या मिळत. त्या बोटांत घालायच्या. ज्या बोटात ज्या प्राण्याची अंगठी, त्या बोटाने त्या प्राण्याच्या कळा दाबायच्या. कोणते बोट कोणत्या कळीचे, ही सारी शिस्त एका खेळात बसवली होती. या यंत्राचे चित्र मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला आमच्या घरातली उंच फळी आठवली.

आपल्याकडे: तीस शब्दांची परीक्षा

स्वतंत्र भारतात टाइपरायटर ही अभिमानाची वस्तू होती. १९५५ साली गोदरेज आणि बॉइस कंपनीने मुंबईत पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. पुढे याच कंपनीची यंत्रे सातारा जिल्ह्यातील शिरवळलाही बनत. पण यंत्राची किंमत पाहता ते घरी घेणारे कुटुंब विरळा. ते असे कचेरीत, बँकेत, वकिलाकडे, झाडाखाली आणि टायपिंगच्या क्लासमध्ये.

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कारभार मराठीत येऊ लागला, तशी मराठी टंकलेखकांची गरज वाढली. 'शासनमान्य टायपिंग इन्स्टिट्यूट' अशी पाटी नसलेले तालुक्याचे गाव मग राहिले नाही. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द ही भाषा घराघरांत पोचली. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र लागे. दहावी-बारावीनंतर 'निदान टायपिंग तरी करून ठेव' हा सल्ला ज्याला मिळाला नाही, असा माझ्या पिढीतला माणूस सापडणे कठीण.

मी ज्या क्लासला जात होतो, तिथे पत्र्याच्या छपराखाली वीस मशीन एकाच वेळी चालत. बोलणे ऐकू येत नसे. सर पाठीमागून फिरत आणि मान खाली गेलेली दिसली, की बोटांच्या पेरांवर पट्टी बसे. डाव्या हाताची करंगळी ही माझी वैरीण होती. घरी दोन बोटांचा वेग बघून मोठा झालो होतो, त्यामुळे आठ बोटांची सक्ती मला निरर्थक वाटे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी मशीन टेम्पोत घालून केंद्रावर नेली. दुसऱ्या दिवशी उतारा सुरू झाला, पहिल्याच ओळीत अडखळलो, मान खाली गेली ती वर आलीच नाही. पत्र आणि तक्ता नीट जमला, पण उताऱ्यात नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बसून पास झालो. प्रमाणपत्र मिळाले आणि त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षे मी स्वतःच्या मनातले एक वाक्यही टाइप केले नाही. तसे करायचे असते, हे कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही टाइप केले ते उतारे.

मराठी मशीनची अडचण आणखी वेगळी होती. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडलेल्या सांगाड्यात आपली बाराखडी, जोडाक्षरे, रफार, काना-मात्रा सारे कोंबायचे होते. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा 'ण' एका कळीवर, त्याला काना दुसऱ्या कळीवरून लावायचा की पूर्ण 'ण' तयार. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी दाबायची आणि मग अक्षर. थोडक्यात, हात अक्षराचे चित्र काढायला शिकत असे. 'कि' म्हणताना तोंडातून आधी 'क' निघतो, पण हातातून आधी वेलांटी. हे वळण पक्के झालेल्या हातांचा वेग थक्क करणारा असे, पण ते वळण पडायला फार काळ लागे आणि त्यामागे नोकरीची गरज असावी लागे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात टाइपरायटरवरची परीक्षा शेवटची झाली. त्यानंतर परीक्षा संगणकावर गेली. वर्तमानपत्रांत यंत्रांच्या निरोपाचे लेख आले, फोटो आले. माझ्या मते निरोप आणखी एका गोष्टीला मिळाला. क्लासची फी भरून शिकायचे ते नोकरीसाठीच, अशी गाठ आपण त्या कौशल्याशी मारली होती. नोकरी सुटली तशी गाठही सुटली. आणि हे नेमके तेव्हा घडले, जेव्हा कळफलक घराघरात येऊन बसला होता. फळीवरचे मशीन खाली आले, बंदी उठली, पण मुलांना बोटे कशी ठेवायची हे सांगणारे कुणी उरले नाही.

वर्णमालेची मांडणी

संगणकाने मराठीला एक संधी दिली होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक समान कळफलक ठरवला, १९८८ मध्ये तो सुधारला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात त्याला स्थान मिळाले. त्याचे नाव इनस्क्रिप्ट. पुण्याच्या सी-डॅक संस्थेमुळे तो महाराष्ट्रात परिचित झाला. आज जवळपास प्रत्येक संगणकात तो विनामूल्य असतो आणि बहुतेक घरांत तो कधी उघडलाही जात नाही.

त्याची रचना एकदा शांतपणे पाहावी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. बोटे जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट ही अक्षरे येतात. म्हणजे शाळेत घोकलेल्या पाचही वर्गांची पहिली अक्षरे एका ओळीत. त्यांच्या लगेच वरच्या ओळीत त्याच क्रमाने ब, ह, ग, द, ज, ड. 'क'च्या डोक्यावर 'ग', 'त'च्या डोक्यावर 'द', 'च'च्या डोक्यावर 'ज'. शिफ्ट दाबली की 'क'चा 'ख' होतो, 'ग'चा 'घ', 'त'चा 'थ', 'द'चा 'ध'. 'ल'बरोबर शिफ्ट दाबली की 'ळ'. डाव्या हाताला वेलांटीची जी कळ, तीच शिफ्टबरोबर 'इ' होते, आणि ज्या कळीने अक्षराचा पाय मोडतो, तीच शिफ्टबरोबर 'अ' देते.

टाइपरायटरच्या उलट इथे हात उच्चाराच्या क्रमाने चालतो. आधी 'क', मग वेलांटी. ती पडद्यावर अक्षराच्या आधी नेऊन ठेवण्याचे काम यंत्र करते. ज्या मुलाने पहिलीत बाराखडी म्हटली, त्याला या कळफलकाचा नकाशा अर्धाअधिक आधीच पाठ असतो. इंग्रजी कळफलकाला अशी कोणतीही संगती नाही. तो मुलाला निव्वळ पाठ करावा लागतो.

आणखी एक गंमत. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर फक्त इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. लोक ही अडचण मानतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो फायदा आहे, कारण कळांकडे पाहून काही उपयोगच होत नाही. सर पट्टी घेऊन मागे उभे राहायची गरज नाही. मॅगरिनच्या काळचे आंधळे यंत्र जणू पुन्हा घरात आले आहे.

हात कसा शिकतो

घरी शिकवायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न वेळेचा. १९७८ साली ॲलन बॅडली आणि लाँगमन या ब्रिटिश संशोधकांनी टंकलेखन शिकणाऱ्या बहात्तर पोस्टमनचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना रोज एक तास शिकवले, काहींना दोन तास, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक हाती यायला एकूण पस्तीसेक तास लागले, तर रोज चार तास बसणाऱ्यांना जवळपास पन्नास. थोडे थोडे शिकणे स्वस्त पडले. पण याच अभ्यासातली दुसरी नोंद आईवडिलांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. रोज एक तास शिकणारा गटच सर्वांत असमाधानी होता. दिवस जास्त लागत होते, त्यामुळे आपली प्रगती होत नाही असे त्यांना वाटे. आपले मूल तिसऱ्या आठवड्यात 'जमत नाही' म्हणाले, तर तो त्याचा दोष समजू नये.

दुसरा मुद्दा अडून बसण्याचा. विल्यम बुक याने १९०८ साली टंकलेखन शिकण्याच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. शिकणाऱ्याचा वेग सरळ चढत जात नाही. तो काही काळ चढतो, मग बरेच दिवस एका पातळीवर रेंगाळतो आणि पुन्हा चढतो. सुरुवातीला हात एकेक अक्षर शोधतो. पुढे अक्षरांचे गट, मग शब्दच्या शब्द एका झटक्यात येऊ लागतात. आमच्या क्लासमध्ये या रेंगाळण्याच्या दिवसांतच निम्मी मुले सोडून जात.

तिसरी गोष्ट स्मरणाची. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर सराईत लोकांना रिकाम्या कळफलकाच्या चित्रावर अक्षरे भरायला सांगितली. सव्वीसपैकी सरासरी पंधराच अक्षरे त्यांना बरोबर भरता आली. हीच माणसे वेगाने, जवळपास अचूक टाइप करत होती. हे वाचून मी थबकलो. अप्पा थकले होते तेव्हा एकदा मी त्यांना विचारले होते, "तुमच्या मशीनवर ज्ञ कुठं होता?" त्यांना सांगता येईना. मग त्यांनी रिकाम्या टेबलावर तर्जन्या ठेवल्या, 'ज्ञानोबा' म्हटले आणि बोट आपसूक जागेवर गेले. "इथं," ते म्हणाले.

इथेच मला माझे जुने मत तपासावे लागले. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की मोजकी बोटे वापरणारे काही लोक दहा बोटांच्या लोकांइतकेच वेगवान असतात. महत्त्वाचे असते ते प्रत्येक कळीसाठी ठरावीक बोट जाणे आणि हात कमी हलणे. म्हणजे दोन बोटांचे अप्पा अडाणी नव्हते. दहा बोटांच्या लोकांचा खरा फायदा त्याच अभ्यासात दिसला. त्यांची नजर कळांवर कमी आणि पडद्यावरच्या मजकुरावर जास्त असते. मुलाला शिकवायचे ते एवढ्यासाठी. वेग वाढला तर वाढला, पण आपले वाक्य कुठे चालले आहे हे त्याला लिहिता लिहिता दिसले पाहिजे.

आमच्या घरातला प्रयोग

जूनमध्ये आम्ही सुरुवात केली. रोज वीस मिनिटे, रात्रीच्या जेवणाआधी. कोरोनाच्या अंगठ्यांची आठवण ठेवून पुतणीच्या आठ बोटांना आठ रंगांचे दोरे बांधले आणि वहीत कळफलकाचे चित्र काढून त्याच रंगांत रंगवून घेतले. चित्र समोर, हात पाहायचे नाहीत. कळफलकावर जिथे दोन तर्जन्या ठेवायच्या, तिथे बारीक उंचवटे असतात. उजव्या उंचवट्यावर 'र', डाव्यावर पहिली वेलांटी. ते चाचपून हात जागेवर आणायचा, हा पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी तिने पहिला शब्द लिहिला: पोपट. प, ओकाराची मात्रा, प, ट. हात मधल्या ओळीतून हलवावा लागत नाही. मग रोप, टोक, चोर, चिकट, किरकिर. पाय मोडायला शिकल्यावर चित्र आणि पुत्र. तिसऱ्या आठवड्यात वरची ओळ आली, पाचव्यात शिफ्ट. 'क'वरून 'ख' आणि 'ग'वरून 'घ' तिचे तिनेच काढले आणि "काका, म्हणजे हे आपलं क ख ग घच आहे की!" असे ओरडली. बुकने सांगितलेला रेंगाळण्याचा काळ जुलैअखेर आला. दहा दिवस वेग तसूभर वाढला नाही, दोन वेळा रडारड झाली. त्या दिवसांत मी घड्याळ लावणे बंद केले आणि तिला धड्यांऐवजी मनातले काहीही लिहायला सांगितले. मैत्रिणीशी झालेले भांडण तिने चार ओळींत लिहून काढले. चुका भरपूर होत्या. मान एकदाच खाली गेली.

इंग्रजी आम्ही दिवाळीनंतर घेणार आहोत. आधी मराठी घेतले याला शास्त्राचा आधार आहे असे मी म्हणणार नाही. ती आमची निवड आहे. एका घरातल्या एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळते. बोलून लिहिणारी यंत्रे आली आहेत, मग हे कशाला, असेही लोक विचारतात. बोलताना माणूस पुढे जात राहतो. लिहिताना मागे येतो, एक शब्द काढून दुसरा घालतो आणि पुन्हा पहिलाच ठेवतो. त्यासाठी हात लागतो.

गेल्या महिन्यात तिने जुना निबंध पुन्हा लिहायला घेतला. शाळेने मागितला नव्हता. आजोबांच्या मशीनची खोळ कशी होती, हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी फळीवरून मशीन काढून दिले. तिने त्यावर हात ठेवून पाहिला, करंगळी पोचत नाही म्हणाली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. संध्याकाळी मी निबंध वाचला. तिसऱ्या ओळीत 'कळ' होती आणि शेवटच्या ओळीत घंटी वाजली होती.